षड्ज हलतो तेव्हा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी संगीताचे चाहते होते, म्हणून या वर्षी संगीतावर बोला, असं मला सांगण्यात आलं. विषय मी निवडला. युरोपात जन्मलेलं वाद्यवृंदाचं संगीत, म्हणजे सिंफनी, कॉन्चेर्टो वगैरे, आणि ते ऐकायचं कसं. हा विषय वसईत कशाला, असं काहींच्या मनात येईल. माझं म्हणणं असं आहे की मुंबई सोडली तर हा विषय महाराष्ट्रात कुठे बोलायचा असेल तर तो वसईतच. का, ते सांगतो.

सुरुवात घंटांपासून करू. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, हे इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. त्या विजयानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला एक आहे. यात्रेकरू त्या पाहतात, इतिहास सांगतात, पुढे जातात. माझी विनंती अशी की पुढच्या वेळी तिथे गेलात तर घंटा ऐका. एक टोला द्या आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबा. काय ऐकू येतं? एकच स्वर? नाही. खाली एक खोल गुंजन असतं, त्याच्यावर टोल्याचा ठसठशीत स्वर असतो, त्याच्याही वर कोमल गंधार, मग पंचम. युरोपातले घंटा ओतणारे कारागीर शतकानुशतकं हेच साधत आले : धातूची जाडी अशी राखायची की एका टोल्यातून हे सगळे स्वर एकमेकांशी जुळून निघावेत. अनेक स्वर, एकाच क्षणी, आणि तरी भांडण नाही. वाद्यवृंदाच्या संगीताचा पाया हाच आहे.

आपल्या रागसंगीतात स्वर एकामागून एक येतात. गवई एक स्वर सोडून दुसऱ्यावर जातो, मागे तंबोरा षड्ज-पंचम धरून असतो, आणि सगळं सौंदर्य त्या एका रेषेत असतं. ती रेषा किती बारीक, किती वळणदार करता येते ते आपण जगाला दाखवलं. युरोपानं दुसरी वाट घेतली. तिथे स्वर एकावर एक रचले. हे बोलून कळणार नाही. आपण करूनच बघू. डाव्या बाजूच्या मंडळींनी पेटीचा हा षड्ज धरा. उजवीकडच्यांनी पंचम. मधल्यांनी शुद्ध गंधार. लाजू नका, इथे निम्मे लोक रविवारी गातात आणि उरलेले एकादशीला.

(श्रोत्यांनी सा, ग, प असा मेळ धरला.)

छान. आता डावे आणि उजवे, तुम्ही काहीही बदलू नका. फक्त मधल्यांनी गंधार कोमल करा.

(श्रोत्यांनी तसं केलं.)

ऐकलंत? तिघांपैकी दोघं जागचे हलले नाहीत. एकानं अर्धा सूर खाली घेतला आणि अख्ख्या सभागृहाचा चेहरा उतरला. पहिल्या मेळाला ते मेजर म्हणतात, दुसऱ्याला मायनर. या एवढ्याशा फरकावर युरोपातल्या रचनाकारांनी दोन-अडीच शतकं प्रचंड इमले उभे केले. हा कोमल गंधार लक्षात ठेवा, मला तो पुढे परत लागणार आहे.

आता इतिहासाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे. ‘पोर्तुगीज आले आणि पाश्चात्त्य संगीत घेऊन आले’ असं आपण सहज म्हणतो. तारखा मांडून बघा. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानानं वसई पोर्तुगीजांना दिली. किल्ल्यात फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, डोमिनिकन आले. ज्याच्या मनोऱ्यावर आपण सगळे लहानपणी चढलो ते सेंट जोसेफ चर्च १६०१ मध्ये नव्यानं बांधलं गेलं. त्यानंतर सहा वर्षांनी, १६०७ मध्ये, इटलीतल्या मांतुआ शहरात मोंतेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा झाला, आणि त्याच्या छापील प्रतीत कोणती वाद्यं लागतील याची यादी दिली होती. वाद्यवृंदाचा इतिहास सहसा तिथून सुरू करतात. आणि ज्या मे महिन्यात पोर्तुगीज वसई सोडून गेले, त्या मे महिन्यात योझेफ हायडन, ज्याला सिंफनीचा जनक म्हणतात, तो ऑस्ट्रियात सात वर्षांचा पोरगा होता.

म्हणजे वसईत पोर्तुगीज होते तेव्हा आज आपण ज्याला सिंफनी म्हणतो ती जन्मालाच आलेली नव्हती! त्यांनी ती आणली नाही, आणणं शक्यच नव्हतं. मग त्यांच्या काळात काय आलं? गाणं आलं. चर्चमध्ये एकत्र गाणं, वेगवेगळ्या आवाजांनी वेगवेगळ्या ओळी गाणं. गोव्यात तर धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवण्याची रीत पडली, आणि ती पोर्तुगीजांच्या राज्यापेक्षा जास्त टिकली. सिंफनी आली ती नंतर, दुसऱ्या दारानं : इंग्रजांच्या मुंबईत, पारशी घरांतून, आणि हिटलरच्या भीतीनं पळालेल्या माणसांबरोबर. त्या दाराकडे मी येतोच.

त्याआधी वाद्यवृंद म्हणजे काय ते पटकन सांगतो. पुस्तकातलं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पुढे तारवाद्यं, मागे लाकडी फुंकवाद्यं म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्यामागे पितळी वाद्यं, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. सगळ्यात मागे तालवाद्यं, त्यांत टिंपनी हे सुरात लावता येणारे मोठे नगारे. कार्यक्रमाआधी ओबो एक स्वर देतो आणि बाकीचे त्याला जुळवून घेतात. हायडनच्या दरबारी दोनएक डझन वादक असत, आजचा मोठा वाद्यवृंद शंभराच्या घरात जातो.

पण थांबायचं आहे ते तारवाद्यांपाशी. शंभरातले साठएक लोक गज हातात घेतलेले असतात : पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बेस. का? फुंकवाद्याला श्वास घ्यावा लागतो. ट्रम्पेटवाला तासभर सलग फुंकू शकत नाही. गजाला श्वास लागत नाही. आणि सोळा व्हायोलिन एकच ओळ वाजवतात तेव्हा ती एका व्हायोलिनची सोळापट मोठी होत नाही, वेगळीच होते. प्रत्येकाच्या सुरात केसाएवढा फरक असतो, आणि त्या फरकांमुळे आवाजाला मऊपणा आणि खोली येते. वाद्यवृंदाचं अंग तारांचं आहे, बाकीची वाद्यं त्यावर रंग चढवतात. वसईच्या संदर्भात हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे.

आता मुख्य गोष्टीकडे. ख्यालाला सरावलेला आपला रसिक पहिल्यांदा सिंफनी ऐकतो तेव्हा तो अडखळतो कुठे? वाद्यं अनोळखी असतात म्हणून? नाही, व्हायोलिन आपल्याला नवं नाही. ताल पकडता येत नाही म्हणून? तेही नाही. तो अडखळतो कारण त्याचा षड्ज हरवतो. आपल्याकडे तंबोरा जुळला की मैफल संपेपर्यंत सा ढळत नाही. गवई कितीही लांब गेला तरी खाली जमीन तीच असते. सिंफनीत जमीनच हलवतात. रचना एका षड्जावर सुरू होते, थोड्याच वेळात दुसऱ्याच स्वराला षड्जाचा मान देते, मग तिसऱ्याला, आणि शेवटी मूळ षड्जावर येते. घर सोडून परमुलखात जाणं आणि पुन्हा उंबरठ्यावर येणं, हा त्या संगीताचा मोठा आनंद आहे. जाणारा माणूस आणि परत आलेला माणूस एकच नसतो, हेही त्यात येतं.

आपल्याला हे परकं आहे का? जो मूर्च्छना ओळखतो त्याला मुळीच नाही. आसावरी थाटाचे स्वर घ्या आणि कोमल गंधाराला सा मानून तेच स्वर म्हणा. बिलावल उभा राहतो. एकही स्वर बदललेला नाही, फक्त केंद्र सरकलं. चांगले पेटीवादक असं केंद्र सरकवतात, तेव्हा आपण चमकून दाद देतो. सिंफनीत क्षणाची ती चमक नसते, त्यावर पंधरा-पंधरा मिनिटांची वास्तू उभी असते.

उदाहरण घेऊ. मोझार्टची चाळिसावी सिंफनी, जी मायनर. १७८८ च्या उन्हाळ्यात त्यानं लागोपाठ तीन सिंफनी लिहिल्या, त्यातली ही मधली. त्याच्यावर त्या काळात कर्ज होतं, आणि तीन वर्षांनी पस्तिसाव्या वर्षी तो गेला. या सिंफनीचा आरंभ तुम्हा सर्वांना पाठ आहे. होय, तुम्हा सर्वांना. १९६१ चा ‘छाया’ चित्रपट, सलील चौधरींचं संगीत, तलत आणि लता यांचं ते द्वंद्वगीत आठवा. त्याचा मुखडा इथून आला आहे.

(सिंफनीच्या पहिल्या भागाचा आरंभ ऐकवण्यात आला.)

हसलात, म्हणजे ओळख पटली. सलीलदांनी जे घेतलं ते फार सुंदर घेतलं. तीन मिनिटांच्या गाण्यात मुखडा येतो, अंतरा होतो, मुखडा परततो. पण मोझार्टनं त्या सुरावटीचं पुढे काय केलं ते गाण्यात मावणारं नव्हतं. ते असं. आधी व्हायोलांची अस्वस्थ धडधड, आणि ती नीट स्थिरावायच्या आत व्हायोलिनवर ही सुरावट. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. आणि तिसऱ्यांदा झाल्यावर वर झेप. मग एक जोड, आणि दुसरी सुरावट येते. ती वेगळी आहे, हळूहळू खाली घसरणारी, तारा आणि फुंकवाद्यं ती एकमेकांच्या हाती देतात. ती कुठल्या षड्जावर येते? मूळ षड्जाच्या कोमल गंधारावर. म्हणजे आत्ताच सांगितलेली मूर्च्छना. आसावरीतून बिलावल. जरा मोकळं वाटतं. इथवर झाली मांडणी : दोन सुरावटी, दोन मुक्काम.

नंतर विस्तार. इथे मोझार्ट पहिल्या सुरावटीला उचलून अशा ठिकाणी नेतो की अंगावर काटा येतो. मूळ षड्जाच्या लगतच्या निषादावर तो नवा षड्ज बसवतो. अंतर अर्ध्या सुराचं, पण नात्यानं सगळ्यात लांब. तिथून तो सुरावटीचे तुकडे करत जातो, डबल बेस एक तुकडा गुरगुरत म्हणतात, व्हायोलिन वरून उत्तर देतात, आणि तुकडे लहान होत होत शेवटी फक्त ते ‘दोन आखूड, एक लांब’ उरतं. मग अलगद आपण पहिल्या सुरावटीवर, मूळ षड्जावर परत आलेलो असतो.

परतीत मात्र एक बदल होतो, आणि माझ्या मते अख्खी सिंफनी त्या बदलासाठी ऐकावी. ती दुसरी, मोकळी वाटणारी सुरावट पुन्हा येते. आता ती परगावी नाही, घरी आली आहे, मूळ षड्जावर, म्हणून मायनर झाली आहे. सुरावट तीच आहे, पण पहिल्यांदा ऐकताना जो दिलासा मिळाला होता तो काढून घेतला गेला आहे. ज्याला पहिली वेळ आठवते त्यालाच ही दुसरी वेळ कळते. मांडणी, विस्तार, पुनरागमन या तीन पायऱ्यांच्या आकाराला सोनाटा-आकार म्हणतात. हा आकार बाहेरून दिसत नाही. तो ऐकणाऱ्याच्या स्मरणात बांधला जातो. अर्धा आकार वादक वाजवतात, उरलेला अर्धा तुमच्या आठवणीत वाजतो. हे संगीत शांत बसून ऐकायचं ते याच कारणासाठी. शिस्त म्हणून नव्हे. आठवण ठेवायची असते म्हणून.

टाळ्यांचा प्रश्न मला नेहमी विचारतात, म्हणून सांगून टाकतो. हल्ली भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत. पण बेटोव्हेनच्या काळात वाजवत. त्याच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग पहिल्याच प्रयोगात लोकांनी पुन्हा वाजवायला लावला होता. तेव्हा एखाद्या भागानंतर तुमच्याकडून टाळी गेली तर ओशाळू नका, ती मनापासून गेलेली असते.

सिंफनीचे भाग साधारण चार. पहिला जलद, बहुधा आत्ता सांगितलेल्या सोनाटा-आकारात. दुसरा संथ. तिसरा नाचाच्या चालीचा. चौथा पुन्हा जलद. हे हायडननं घडवलं. एस्टरहाझी नावाच्या सरदार घराण्याच्या चाकरीत तो तीसेक वर्षं होता आणि त्याच्या नावावर शंभराहून जास्त सिंफनी आहेत. त्यातली १७७२ ची एक तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सरदारांचा मुक्काम दूरच्या उन्हाळी महालात लांबला. वादकांना तिथे बायकामुलं आणायची परवानगी नव्हती. महिने गेले, माणसं घराच्या ओढीनं व्याकूळ झाली. मालकाला सांगणार कोण? हायडननं सिंफनी लिहिली. तिचा जलद शेवट मधेच थांबतो आणि संथ सूर सुरू होतो. एक ओबो आणि एक हॉर्न आपली ओळ संपवतात, समोरची मेणबत्ती विझवतात आणि उठून जातात. मग बसून जातो. मग आणखी एकेक. शेवटी दोन व्हायोलिन उरतात, तेही थांबतात. दुसऱ्या दिवशी सरदारांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. नोकरीत असलेल्या माणसानं मालकाला इतक्या अदबीनं आणि इतक्या ठामपणे सांगितलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

हायडननं घर बांधलं, बेटोव्हेननं त्याच्या भिंती ढकलल्या. २२ डिसेंबर १८०८, व्हिएन्ना. कडाक्याची थंडी, न तापवलेलं नाट्यगृह, चार तासांचा कार्यक्रम, अपुरी तालीम. त्या रात्री पाचवी आणि सहावी या दोन्ही सिंफनी पहिल्यांदा वाजल्या. पाचवीची सुरुवात सरगमात सांगतो : प प प ग, म म म रे. गंधार कोमल. त्यात षड्ज आहे का? नाही! ज्या स्वरावर सगळं उभं राहायचं तोच स्वर बेटोव्हेन सुरुवातीला लपवून ठेवतो. चार स्वरांचा तो ठोका मग पहिल्या भागात शेकडो वेळा येतो, तिसऱ्या भागात हॉर्न तोच वेगळ्या चालीत वाजवतात.

तिसऱ्या भागाचा शेवट हळू होत जातो. तारा एक लांब स्वर धरून बसतात, टिंपनी अगदी दबक्या आवाजात षड्जावर ठोके देत राहते. काही घडत नाही. आणखी काही घडत नाही. आणि मग, न थांबता, चौथा भाग फुटतो : सा, ग, प. शुद्ध गंधार! मघाशी तुम्ही या सभागृहात शुद्धचा कोमल केलात. बेटोव्हेन अर्ध्या तासाच्या झगड्यानंतर कोमलचा शुद्ध करतो. आणि त्याच क्षणी ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून पहिल्यांदा तोंड उघडतात. तीन भाग होईपर्यंत ही माणसं वाद्य मांडीवर घेऊन बसलेली असतात. हे लिहिणाऱ्या माणसाचे कान तेव्हा जात चालले होते. मी यावर जास्त बोलत नाही, आपण ऐकू.

(पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागाचा शेवट आणि चौथ्याचा आरंभ ऐकवण्यात आला.)

कॉन्चेर्टो समजायला सोपा. एक वादक एकीकडे, सगळा वाद्यवृंद दुसरीकडे, भाग बहुधा तीन. पहिल्या भागाच्या अखेरीस वाद्यवृंद थांबतो आणि एकट्या वादकाला मोकळं सोडतो. त्या जागेला कॅडेन्झा म्हणतात. मोझार्टच्या काळी ती तिथल्या तिथे सुचेल तशी वाजवत. आपल्याकडच्या श्रोत्याला ही जागा सांगावी लागत नाही, तो तिथे आपोआप पुढे सरकून बसतो. पंडित रविशंकरांनी १९७१ मध्ये सतार आणि वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो केला, १९८१ मध्ये दुसरा केला आणि त्याचं संचालन झुबिन मेहतांनी केलं. आणि २०१५ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ रचला. तो पहिल्यांदा वाजला मुंबईत, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात, आणि पुढच्या वर्षी तिथला वाद्यवृंद तो घेऊन युरोपात गेला. साथीला बसणारा तबला मधोमध आला आणि मागे साठ-सत्तर वादक साथीला बसले. वसईतल्या तबल्याच्या विद्यार्थ्यांनी हे मुद्दाम ऐकावं.

आता त्या दुसऱ्या दाराकडे. १९३४ मध्ये वॉल्टर कॉफमन नावाचा ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईला आला. तो ऑल इंडिया रेडिओत लागला, आणि पहाटे केंद्र उघडताना जी धून वाजायची, तंबोऱ्यावर तरंगणारं ते व्हायोलिन, ती त्यानं बांधली. इथे पन्नाशीच्या पुढचे जे बसले आहेत त्यांचं बालपण त्या धुनेवर जागं झालं आहे. व्हायोलिन मेहली मेहतांचं असं सांगतात. या मेहलींनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पारशी, गोव्याचे वादक, युरोपातले निर्वासित, असे सगळे त्यात बसत. घरी तालमी ऐकत वाढलेला त्यांचा मुलगा झुबिन अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेला, पुढचं जगाला माहीत आहे.

पण माझं मन अडकतं ते गोव्याच्या वादकांत. धर्मग्रामाच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही मुलं मुंबईला येत, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामुदायिक वसतिगृहांत, राहत, आणि संध्याकाळी हॉटेलात नि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत वाजवत. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा. ती पन्नास माणसांत कशी वाटायची, चेलोला काय द्यायचं, गायिकेच्या श्वासाच्या जागेत व्हायोलिन कुठे घालायचं, हे लिहायचा अरेंजर. सेबास्टियन डिसोझा हे त्यातलं थोर नाव, शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला तारांचा तो भरजरी आवाज त्यांच्या लेखणीचा आहे. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी भारतीय रागांवर वाद्यवृंदाच्या रचना करून मुंबईत कार्यक्रम केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. प्रेक्षकांना हे संगीत पेललं नाही असं नाही, पैशाचा आधार मिळाला नाही. काही वर्षांनी गोन्साल्विस अमेरिकेला निघून गेले. पुढे १९७७ मध्ये शिष्यानं एका गाण्यात गुरूचं नाव अमर केलं, ते गाणं तुम्ही लग्नात नाचून नाचून झिजवलं आहे. तो माणूस खरा होता. तो २०१२ मध्ये गेला.

नव्वदीनंतर कीबोर्ड आले. पन्नास गजांचं काम एक बोट करू लागलं. स्टुडिओतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि बापानं मुलाच्या हाती व्हायोलिन देणं थांबलं. २००६ मध्ये एनसीपीएनं सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तो आज आपल्या देशातला एकमेव पूर्णवेळ व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद आहे. त्यातल्या बऱ्याच खुर्च्या परदेशातून आलेल्या वादकांनी भरायच्या असतात, आणि याचं मला दुःख आहे. ज्या शहराच्या स्टुडिओत एका वेळी साठ व्हायोलिन सहज जमायची त्या शहरावर ही वेळ यावी?

इथे वसई येते. आपल्याकडे काय आहे, बघा. पापडीपासून नंदाखाल, आगाशीपर्यंत प्रत्येक धर्मग्रामात गायनमंडळ आहे. चार आवाजांत गाणारी मुलं आपल्याकडे आहेत. स्वर एकावर एक रचले की काय होतं हे त्यांच्या कानाला शिकवावं लागत नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर लॅटिनच्या जागी मराठी आली, तबला-पेटी आली, त्यामुळे त्याच मुलांच्या कानात रागाचे सूरही आहेत. लग्नात, सणाच्या मिरवणुकीत ब्रास बँड वाजतो, म्हणजे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन धरणारे हात आहेत. भजनी मंडळं आहेत, नालासोपारा-विरारमध्ये कोकणातून आलेली, बालगंधर्वांची पदं ऐकत वाढलेली कुटुंबं आहेत. एवढी सामग्री दुसऱ्या कुठल्या तालुक्यात एका जागी आहे? आवाज आहेत, फुंक आहे, ताल आहे. नाहीत त्या तारा. आणि मघाशी म्हणालो तसं, अंगच तारांचं असतं.

हे कुठे कुणी केलेलं नाही असं नाही. १९१८ मध्ये साथीनंतर मैहरमध्ये अनाथ झालेल्या मुलांना घेऊन उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी बँड उभा केला, बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग केलं. कलिंपाँगला १९९३ मध्ये एका जेझुइट फादरनी मजुरांच्या मुलांसाठी गांधी आश्रम शाळा काढली आणि तिथे पहिल्या वर्गापासून प्रत्येक मुलाच्या हाती व्हायोलिन दिलं. गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन २००९ पासून वंचित मुलांना तारवाद्यं शिकवतं आहे.  प्रत्येक ठिकाणी आधी एक शिक्षक होता, एक खोली होती, आणि रोज येणारी मुलं होती.

मला वसईत तेच हवं आहे. पहिल्या वर्षी वीस मुलं : मराठी शाळेतली, इंग्रजी शाळेतली, कुपारी, वाडवळ, आगरी, आदिवासी पाड्यावरची, कुणीही. लहान मापाची व्हायोलिनं, दोन चेलो. आठवड्यातून तीन संध्याकाळी तास. डोळ्यांनी नोटेशन वाचायचं आणि कानानं सरगम म्हणायची, दोन्ही पहिल्या दिवसापासून. तीन वर्षांत ही मुलं हायडनचा एखादा संथ भाग नीट वाजवू शकतील. आणि त्यांच्यापैकी एखादी मुलगी पुढे मारवा किंवा श्री घेऊन वाद्यवृंदासाठी असं काही लिहील, जे व्हिएन्नातल्या कुणाला सुचणार नाही. गोन्साल्विस यांच्या हातून राहिलेलं काम तेच आहे.

तोवर मोठ्यांनी ऐकायला सुरुवात करावी. एनसीपीएत सहसा फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात सिंफनीचे कार्यक्रम असतात. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर आहे, कार्यक्रम संपल्यावर परतीची लोकल मिळते. जाण्याआधी ती रचना घरी तीनदा ऐकून जा. पहिल्यांदा नुसती ऐका. दुसऱ्यांदा पहिल्या भागातल्या दोन सुरावटी गुणगुणता येतात का बघा. तिसऱ्यांदा त्या कुठे परत येतात आणि येताना काय होऊन येतात तेवढंच धरा.

संयोजकांनी दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी आजोबांचं, मामांचं व्हायोलिन पेटीत पडून आहे, तारा तुटलेल्या असल्या तरी चालतील, त्यांनी त्यात नोंद करावी. ज्यांना वाजवता येतं त्यांनी वेगळ्या पानावर. ज्या शाळेला संध्याकाळी एक वर्गखोली देता येईल त्या मुख्याध्यापकांनी तिसऱ्या पानावर. मी शेवटपर्यंत इथेच थांबणार आहे. प्रश्न असतील त्यांनी आता विचारावेत.